विसावी कुपी

वादळाने खांब पाडले. तिसऱ्या दिवशी
प्रयोगशाळेतल्या फ्रीजखाली पाण्याचं थारोळं.
थर्मासात वीस कुप्या मावतात. मी एकोणीस भरल्या
आणि एसटीची वाट न बघता, टेम्पोत बसून
हर्णैच्या बर्फ कारखान्यात गेले.

दाऊद मुकादम जनरेटरला डिझेल पाजत होता.
"काय गो, इंजेक्शनं काय?"
म्हटलं, जिवाणू. थंडीतले.
वर हिमालयात, शिशाच्या बंद खाणीखाली
एक तळं आहे, वर्षातले नऊ महिने गोठलेलं,
त्याच्या गाळातले.
"मंग बर्फाची त्यांना कसली नवलाई!
ठेव सुरमईखाली.
पण बोलू नको कुणाला, गिऱ्हाईक पळंल."

रात्रभर साच्यांतून लाद्या सुटत होत्या.
हा माणूस झोपत नाही. विचारत बसतो.
"थिजत कसे नाय ते?"
पौषात खोबरेल थिजतं, बाटली उन्हात ठेवावी लागते.
आणि मुशीचं तेल?
"ते नाय थिजत. होडीला चोपडतो की आमी."
तसंच. यांची कातडी मुशीच्या तेलाच्या जातीची,
वाकडी, एकमेकींना खेटून न बसणाऱ्या साखळ्यांची.
सरळ असत्या तर केव्हाच दगड झाल्या असत्या.

"आणि विष? पचवतात?"
नाही. उपसतात.
कॅडमियम जस्ताचं सोंग घेऊन येतं,
दार ओळखीचं म्हणून उघडतं,
मग फुटक्या होडीतलं पाणी काढावं तसं
कण कण बाहेर.
थंडीत हात जड, शिधा थोडा,
तरी आधी उपसणं, मग वाढणं.
एकाला साधलं की तो ती युक्ती दुसऱ्याला देतो
संक्रांतीच्या वाणासारखी, घर न बघता.
मेलेल्याच्या अंगावरूनही कुणी उचलून घेतं.
पाऱ्याची तर वाफ करून सोडून देतात.

"खंय सोडतात?"
हवेत.
दाऊद हसला. "म्हंजे शेजाऱ्याच्या अंगणात."

हे मी प्रबंधात लिहिलं नव्हतं.

आई खाडीत कालवं फोडते, बेचाळीस वर्षं.
वरच्या कारखान्यांचं पाणी रात्री सुटतं,
सकाळी तिच्या पायांना चुन्यासारखी आग.
कालवं उपसत नाहीत. कालवं साठवतात.
तिच्याच टोपलीतली चार मी तपासली,
आकडा कॅलेंडरच्या मागे लिहिला, तिला दाखवला.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, "लिंबू जास्त पिळलं तर?"

पाचव्या दिवशी वीज आली.
एकोणिसांतल्या सतरा जगल्या.
दोन गेल्या त्या शिशाने नव्हे, थंडीने नव्हे.
टेम्पोत माझ्या मांडीवर उन्हाचा तुकडा पडला होता,
थर्मासाचं झाकण थोडं सैल होतं,
तेवढ्या उबेनं.

दाऊदने पैसे घेतले नाहीत.
"त्यातलं एक आपल्या खाडीत सोड की, बघू दे."
म्हटलं, तासभरही टिकणार नाही, चाचा. आपलं पाणी गरम.
तो गप्प झाला. मग
"आपल्या चिखलात पण कोन असंलच की," म्हणाला,
आणि फडक्याने हात पुसत आत गेला.
कुप्यांना अजून सुरमईचा वास येतो.

परतताना ओहोटी होती. मी खाडीवर उतरले.
आई लांब, खडकाशी वाकलेली,
कोयतीचा आवाज तिच्या हातामागून उशिरा पोचणारा.
तिच्या टाचेने पाडलेल्या खळग्यात
काळा, तेलकट गाळ.
विसावी कुपी काठोकाठ भरली.
चिठ्ठीवर तारीख. तापमान एकतीस.
नावाची जागा
कोरी.